मुक्त सॉफ्टवेअरची चाळिशी : हक्क मिळाला, पास कुणाकडे?

(भद्रावती येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ या संस्थेनं आपली चाळिशी साजरी केली. तिचे सभासद, कार्यकर्ते, तिच्या कामावर जगणारे आणि तिच्याशी भांडणारे असे सगळे त्यात आले. वाढदिवस म्हटला की कौतुक आलंच. तेही आपण करणार आहोत, कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. पण समीक्षा हा आज आपला विषय आहे, तेव्हा ओवाळणीबरोबर झाडाझडतीही होईल.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा इथे काय संबंध, असं कुणाच्या मनात असेल. संबंध असा, की बहुतेक संगणक संस्था यंत्रापासून सुरू होतात. ही संस्था एका व्याख्येपासून सुरू झाली, आणि ती व्याख्या आहे ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची. स्वातंत्र्याची व्याख्या कुणी केली की ती तपासणं हे आमच्या विषयाचं जुनं काम आहे. म्हणून आज आम्ही कोडकडे न पाहता व्याख्येकडे पाहणार आहोत.

आधी थोडा इतिहास, पटकन. एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमननी अशी सोय केली होती, की कागद अडकला की ज्यांची छपाई थांबली आहे त्यांना संगणकावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरला तीच सोय करायची, तर प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हातात हवा. तो कंपनीनं दिला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता. पण ‘कुणाला देणार नाही’ असं त्यानं लिहून दिलं होतं. शेजाऱ्याला मदत करणं करारानं निषिद्ध झालं, ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, मार्च १९८५ मध्ये ग्नूचा जाहीरनामा छापून आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात फाउंडेशन स्थापन झालं. १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आला.

या सगळ्याच्या मुळाशी चार स्वातंत्र्यं आहेत. संगणकाची माणसं शून्यापासून मोजतात, म्हणून त्यांचे क्रमांक शून्य ते तीन. प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं. तो कसा चालतो हे अभ्यासून बदलण्याचं. त्याच्या प्रती इतरांना देण्याचं. आणि आपण सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचं. बस, एवढंच. चार ओळींत बसणारा विचार चाळीस वर्षं टिकला, ही साधी गोष्ट नाही.

आता भाषेकडे येऊ. इंग्रजी ‘फ्री’ या शब्दात स्वातंत्र्य आणि फुकट हे दोन्ही एकाच खाटेवर झोपतात, त्यामुळे त्या मंडळींची अर्धी हयात ‘आम्ही किमतीबद्दल बोलत नाही’ हे सांगण्यात गेली. मराठीला ही अडचण नव्हती. आपल्याकडे फुकट आहे, मोफत आहे, मुक्त आहे, स्वतंत्र आहे, स्वाधीन आहे. आणि तरीही आपल्याकडच्या पोरांना विचारा, ‘मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?’ उत्तर येतं, ‘ते फुकट मिळते ना सर, ते.’ म्हणजे शब्द असूनही आपण संकल्पना उधार आणली, आणि उधारीबरोबर घोळही आणला.

पण ‘मुक्त’ आणि ‘स्वतंत्र’ हेही एकच नाहीत, बरं का. मुक्त म्हणजे सुटलेला. बेडी काढली की माणूस मुक्त झाला. स्वतंत्र म्हणजे ज्याचं तंत्र, ज्याचा कारभार त्याच्याच हाती आहे असा. बेडी निघाली म्हणून कारभार हाती येतोच असं नाही. आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ‘स्वातंत्र्याच्या दोन संकल्पना’ मांडल्या, एक अडथळ्यांच्या अभावाची आणि दुसरी स्वतःच्या नियंत्रणाची. आपल्या भाषेत ती फोड या दोन शब्दांतच आहे. आमचा आजचा मुद्दा या फटीतच आहे: फाउंडेशननं चाळीस वर्षांत आपल्याला सॉफ्टवेअर मुक्त करून दिलं, वापरणारा समाज स्वतंत्र व्हायचं काम मात्र परवान्यानं होण्यासारखं नव्हतं, आणि तसं ते झालंही नाही.

हे दूरच्या उदाहरणांनी सांगण्याची गरज नाही. आपल्यापासून पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा, त्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, म्हणजे बांबू ग्रामसभेचा. झालं? नाही झालं. बांबू तोडला तरी तो गावाबाहेर विकायला न्यायचा, तर वाहतूक पास लागतो, आणि पासाचं पुस्तक वन खात्याकडे. हक्क गावाचा, पुस्तक खात्याचं. तो झगडा पुढे चालला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळाल्यापासून तो हक्क वापरता येईपर्यंत मधली दोन वर्षं गेली, ती या एका पुस्तकाची.

आता हेच सॉफ्टवेअरमध्ये बघा. अमेरिकेत ‘टिवो’ नावाचं एक यंत्र निघालं, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम साठवणारं. आत लिनक्स. जीपीएलच्या अटीप्रमाणे कंपनीनं मूळ संहिता लोकांना दिली, वाचा, बदला. पण बदललेली संहिता यंत्रात घातली की यंत्र कंपनीची सही तपासायचं आणि सही नाही म्हणून चालायला नकार द्यायचं. बांबू तुमचा, पास आमचा! फाउंडेशननं हे ओळखलं आणि २९ जून २००७ रोजी जीपीएलची तिसरी आवृत्ती आणली, त्यात ही पळवाट बुजवली. पण लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. आज तुमच्या-आमच्या खिशातल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या गाभ्यात लिनक्स आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर भद्रावतीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या कमरेच्या पिशवीतही आहे. तिला त्या फोनात काय बदलता येतं? कंपनीनं बसवलेली काही ॲप तर काढूनही टाकता येत नाहीत.

हा आमचा पहिला आक्षेप. चाळिशीच्या भाषणांत ‘आपलं सॉफ्टवेअर जगभर पोचलं’ हे अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते खरंच आहे. पण पोचलं ते सॉफ्टवेअर. पासाचं पुस्तक पोचलं नाही. संस्थेला हे कळत नाही असं नाही. चाळिशीच्याच निमित्तानं तिनं ‘लिब्रेफोन’ नावाचा प्रकल्प जाहीर केला, फोनमधले बंद तुकडे शोधून त्यांना मुक्त पर्याय उभे करण्याचा. चांगलं आहे. उशिरा आहे, पण चांगलं आहे.

दुसरा आक्षेप व्याख्येवरच आहे. ‘अभ्यासण्याचं आणि बदलण्याचं स्वातंत्र्य’ कुणाला? व्याख्या म्हणते, वापरणाऱ्याला, प्रत्येकाला. पण ती लिहिताना डोळ्यांसमोर जो माणूस होता तो प्रोग्रॅमर होता. प्रिंटर दुरुस्त करू शकणारा. ज्याला संहिता वाचता येत नाही त्याच्यासाठी ते स्वातंत्र्य म्हणजे निरक्षराला दिलेलं ग्रंथालयाचं कार्ड. यावर चळवळीचं उत्तर ठरलेलं आहे: स्वतःला येत नसेल तर येणाऱ्याकडून करून घ्या. तर्क बरोबर आहे. पण करून घेण्यासाठी एक समाज लागतो, आणि त्या समाजाबद्दल व्याख्या गप्प आहे.

मराठीचा अनुभव इथे फार बोलका आहे. नव्वदच्या दशकात आपण संगणकावर मराठी लिहायला लागलो, तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याच्या आतली अक्षरांची मांडणीही वेगळी. एका फॉन्टात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की कचरा. त्या काळात टंकलेल्या स्मरणिका, प्रबंध, संस्थांचे अहवाल आज उघडायला गेलं तर पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं दिसतात. मजकूर आपला, भाषा आपली, किल्ली दुसऱ्याकडे. आणि ज्याच्याकडे होती तो दुकान बंद करून गेला. युनिकोड आलं आणि ही भिंत पडली. पण युनिकोडनं अक्षराला नंबर दिला, रूप फॉन्टलाच द्यावं लागतं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं ‘लोहित’ हे भारतीय भाषांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि त्यांची निगा पुण्यातून राखली गेली. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ फॉन्ट आला. नावातच सगळं आलं.

आता आपल्या भागाचंच एक नाव घ्या: वऱ्हाड. यातला तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीला आहे. तऱ्हा, सुऱ्या, दऱ्या, सगळीकडे. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा र वर्षानुवर्षं नीट उमटत नव्हता. वऱ्हाडचं ‘वर्हाड’ व्हायचं. बंद फॉन्ट असेल तर कंपनीला पत्र लिहा आणि वाट पाहा. मुक्त फॉन्ट असेल तर तक्रार जाहीर वहीत नोंदवता येते, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, ती सगळ्यांना मिळते. यात मोठा फरक आहे, तो आम्ही कमी लेखत नाही. पण मंडळी, ती तक्रार नोंदवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नव्हती. त्याला मराठी येण्याची गरज होती. ‘हे चूक आहे’ असं ठामपणे सांगता येण्याची गरज होती. असे किती मराठी शिक्षक, किती लेखक, किती मुद्रितशोधक त्या वहीपर्यंत पोचले? फार थोडे. चळवळीनं त्यांना बोलावलं नाही, आणि हे ‘संगणकवाल्यांचं काम’ म्हणून आपणही गेलो नाही. दोष दोन्हीकडचा आहे.

मेंढ्यानं इथे काय केलं ते आठवा. तिथे ग्रामसभेबरोबर अभ्यासगट आहे. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी ही पद्धत रुजवली: कायदा असो, बांबू असो, मोहफूल असो, निर्णयाआधी बसून अभ्यास. शिकलेला-न शिकलेला असा भेद नाही. अभ्यासगट निर्णय घेत नाही, निर्णयाची तयारी करतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीनं. चार स्वातंत्र्यांतलं ‘अभ्यासण्याचं स्वातंत्र्य’ तिथे एकट्यानं वापरायची गोष्ट उरत नाही. वाचता येणारा वाचतो, जंगल ओळखणारा जंगल सांगतो, आणि दोघांचं मिळून ज्ञान होतं. आमच्या मते चळवळीच्या व्याख्येला हाच जोड हवा होता.

तिसरा आक्षेप निगेचा. एक शंका इथे कुणी काढेल, आणि ती रास्त आहे: बांबू आणि कोड यांची तुलना कशी करता? बांबू तोडला की कमी होतो, कोडची नक्कल केली तर कोड कमी होत नाही. अगदी बरोबर. कोड संपत नाही. पण कोडची निगा राखणारा माणूस संपतो. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या मुक्त प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचं उघड झालं. जगातल्या असंख्य सर्व्हरवर तो वापरला जातो. त्याची निगा मुख्यतः एकच माणूस राखत होता, बिनपगारी, थकलेला. मदत करतो म्हणत कुणी आलं, दोन वर्षं विश्वास कमावला आणि मग घात केला. चोरवाट वेळीच सापडली म्हणून निभावलं. पण प्रश्न उरतोच: ज्या कंपन्यांनी तो प्रोग्रॅम फुकट वापरला, त्यांच्यावर त्या माणसाची काही जबाबदारी होती का? परवाना म्हणतो, नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामूहिक कुरणांचा, पाटांचा, जंगलांचा अभ्यास केला. २००९ मध्ये, म्हणजे मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी, त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की सामूहिक संपत्ती आपोआप उजाड होत नाही आणि आपोआप टिकतही नाही. कोण घेणार, किती घेणार, राखण कोण करणार, मोडलं तर काय, हे नियम वापरणाऱ्यांनीच मिळून ठरवले की ती टिकते. जीपीएलमध्ये घेण्याचे नियम उत्तम आहेत. राखणीचे नाहीत.

एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. घेण्याच्या नियमांत या चळवळीनं जे केलं ते अपूर्व होतं. कॉपीराइटचा कायदा कुंपण घालायला होता. त्यांनी त्याच कायद्यानं कुंपणावर बंदी घातली. घ्या, बदला, विका देखील. पण पुढच्याला तेच स्वातंत्र्य द्या. २०१३ मध्ये मेंढ्याच्या लोकांनी ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. कसणारा तोच राहिला, पण जमीन गावाबाहेर जायची वाट बंद झाली. १९६४ चा तो कायदा आणि १९८९ चा जीपीएल यांना एकमेकांची गंधवार्ता नसेल, पण दोघांचं डोकं एकाच दिशेनं चाललं आहे. आपल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघानं कुंभारकामाचं सुधारलेलं तंत्र शिकवलं, तेही कुलूप लावून ठेवण्यासाठी नव्हे. ज्ञान वाटल्यानं वाढतं, हे आपल्याला बोस्टनहून शिकावं लागत नाही. ते वाटलेलं ज्ञान कुणी पुन्हा कोंडू नये म्हणून कायद्याची भाषा कशी वापरावी, हे मात्र त्यांच्याकडून शिकावं.

चौथं, थोडक्यात: व्यक्ती. स्टॉलमन यांची बुद्धी आणि हट्ट नसता तर ही चळवळच नसती. पण २०१९ मध्ये त्यांच्या काही विधानांवरून वादळ उठलं, त्यांनी अध्यक्षपद सोडलं. २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले, तेव्हा अनेक संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी जाहीर विरोध केला. बाजू कुणाची बरोबर यात आज शिरत नाही. पण स्वातंत्र्याच्या चळवळीचा श्वास एका माणसावर अडकावा, ही त्या चळवळीच्या घडणीवरची टीका आहेच. विभूतिपूजेचं हे दुखणं महाराष्ट्राला नवीन नाही, तेव्हा आम्ही बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडे आहेत.

आपल्या देशातलं काय? २००१ च्या जुलैमध्ये तिरुअनंतपुरमला ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ सुरू झालं. त्याची धुरा पुढे सांभाळली ती मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या नागार्जुन जी. यांनी, जे मूळचे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. केरळनं सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. त्याच २००१ मध्ये महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झालं. लाखो लोकांना त्यानं संगणकासमोर बसवलं, हे मोठं काम आहे. पण त्यातल्या ‘एमएस’चा अर्थ ‘महाराष्ट्र स्टेट’ आहे हे किती जणांना माहीत आहे, विचारून पाहा! लोकांना ते एका कंपनीचं नाव वाटतं, आणि असं वाटावं इतका संगणक म्हणजे ती एक खिडकी हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या दोन जिल्ह्यांत गोंडी बोलली जाते, माडिया बोलली जाते. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे नंबर मिळाले. मुक्त फॉन्टही आहेत. आता सांगा, आठवडी बाजारातून नव्यानं घेतलेल्या फोनवर गोंडीतून निरोप टाइप करता येतो का? नफ्याचं गणित बसत नाही तिथे बंद सॉफ्टवेअर येत नाही. तिथे मुक्त सॉफ्टवेअर हीच एक वाट उरते. चळवळीची खरी परीक्षा बोस्टनच्या सभागृहात होणार नाही, ती इथे होईल.

भाषणानंतर एका तरुण कार्यकर्त्यानं विचारलं, ‘सर, आमच्या ग्रामसभेनं उद्या सकाळी काय करावं?’ प्रश्न नेमका आहे, म्हणून त्याचं उत्तर इथे जोडतो.

शेकडो ग्रामसभांकडे आता तेंदू आणि बांबूचे हिशेब आहेत, ठराव आहेत, जंगलाचे नकाशे आहेत. हे कागद तीस वर्षांनी कोर्टात लागू शकतात. तेव्हा ते उघडले पाहिजेत. म्हणून हिशेब आणि ठराव खुल्या स्वरूपात ठेवा. लिब्रेऑफिस त्यासाठी पुरतं आणि त्यात मराठीही आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस आहे, तेही मुक्त. पासवर्ड एकाच पोराच्या फोनात ठेवू नका. त्याची नोंद ग्रामसभेच्या वहीत हवी. आणि महिन्यातून एकदा अभ्यासगट बसवा, ज्यात संगणक येणारे दोघं असतील आणि न येणारे दहा. जिथे अक्षर चुकतं, शब्द अडतो, नकाशात नाल्याचं नाव भलतंच पडतं, ते लिहून काढा आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर केलं त्यांच्या जाहीर वहीत नोंदवा. वऱ्हाडचा र दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला केव्हाच मिळालेला आहे.

फाउंडेशनला चाळिशीच्या मनापासून शुभेच्छा. पन्नाशीला त्यांनी किती देशांत पोचलो हे सांगण्यापेक्षा किती गावांनी आपल्या तक्रारी त्यांच्या वहीत लिहिल्या हे मोजावं. आणि तोवर आपण लिहायला लागलेलं असावं.